जनमत चाचणीतील नमुन्याचा प्रश्न : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात

निवडक मतदारांच्या उत्तरांवरून संपूर्ण मतदारवर्गाचा कल अजमावणे म्हणजे जनमत चाचणी होय. तिची अचूकता प्रामुख्याने नमुन्याच्या प्रत्यक्ष संख्येवर आणि निवडीवर अवलंबून असते; लोकसंख्येच्या किती टक्के लोकांना विचारले, हा मुद्दा गौण ठरतो. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या 1,000 मतदारांच्या नमुन्यात सुमारे 3 टक्के चूक संभवते. परंतु 4,800 मतदारांचा नमुना राज्यातील 48 लोकसभा मतदारसंघांत समान विभागला, तर अहमदनगरच्या वाट्यास 100 मतदार येतात आणि चूक 10 टक्क्यांपर्यंत जाते. 2024 मध्ये येथे नीलेश लंके यांनी सुजय विखे पाटील यांचा 28,929 मतांनी पराभव केला. हे अंतर दोघांच्या एकत्रित मतांच्या अडीच टक्क्यांहूनही कमी होते. राज्यव्यापी चाचणीच्या आधारे येथील विजेता सांगणे ही निव्वळ अटकळच.

निवडीचा दोष अधिक गंभीर होय, कारण संख्या वाढवून तो जात नाही. ब्रिटनमधील 2015 च्या निवडणुकीत चाचण्यांनी चुरस दाखविली; प्रत्यक्षात हुजूर पक्षास बहुमत मिळाले. पुढील चौकशीत नमुना प्रातिनिधिक नसणे हेच मुख्य कारण आढळले. आपल्या जिल्ह्यात पाथर्डी-शेवगाव परिसरातील ऊसतोड कामगार गळीत हंगामात कित्येक महिने गावाबाहेर असतात. त्या काळात पाहणी करणारा विद्यार्थी कुलूप पाहून शेजारच्या घरी जातो. संख्या भरते, नमुना मात्र बिघडतो. अशा घरांची स्वतंत्र नोंद प्रकल्प-अहवालात असावी, असा आग्रह मार्गदर्शक प्राध्यापकांनी धरणे आवश्यक आहे.