खंजिरीचा आवाज अडतो कुठे?

जुन्या लॅपटॉपला नवी पालवी : भाग ७

१६ ऑगस्ट १९४२. नागपंचमीच्या त्या दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. त्याआधी या मुलखात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने हवा तापवलेली होती. महाराजांचा मोझरीचा आश्रम वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या अमरावती जिल्ह्यात. इकडच्या भजनी मंडळांत खंजिरी आली ती अशी, शेजारधर्माने. आता समजा, मंडळातल्या एका पोराने मनावर घेतलं की म्हाताऱ्यांच्या तोंडची भजनं आणि बेचाळीसच्या ऐकीव गोष्टी नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या.

मोबाईल समोर ठेवला की पहिल्याच थापेला घोटाळा होतो. खंजिरीची थाप क्षणात उसळते. मोबाईल तिला घाबरून आवाजाची पातळी आपणहून खाली ओढतो आणि पुढचे दोन शब्द गाणाऱ्याच्या गळ्यातच राहिल्यासारखे ऐकू येतात. पातळी आपल्या हातात ठेवायची, तर चांगला माइक आणि यूएसबी ऑडिओ इंटरफेस हवा. हा इंटरफेस म्हणजे मूठभर डबी. माइकचा क्षीण विद्युतप्रवाह ती वाढवते, त्याचे सेकंदाला ४८,००० वेळा मोजलेले आकडे, म्हणजे नमुने, करते आणि यूएसबीच्या तारेतून संगणकाकडे पाठवते.

मागच्या भागात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ बसवली. आता डबी जोडली, माइक लावला आणि प्रश्न आला, ‘‘आवाज कामून येऊन नाही राहिला?’’

इथे बहुतेक जण ड्रायव्हर शोधायला धावतात. डबीच्या खोक्यावर विंडोज आणि मॅक एवढीच नावं असतात, म्हणून लिनक्सवर ती चालणारच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात यूएसबी ऑडिओची सामाईक नियमावली १९९८ सालीच ठरली. ती पाळणाऱ्या उपकरणाला माउस किंवा कीबोर्डसारखाच वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नियमावलीची दुसरी आवृत्ती २००६ साली आली. लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे गाभ्याने, ती २०१० मध्ये आत्मसात केली. विंडोजमध्ये ती सोय अंगभूत यायला २०१७ उजाडलं. तेव्हा शंका ड्रायव्हरवर घेण्याआधी वाटेवरचे थांबे तपासावेत. आष्टीहून एसटीने पाठवलेलं पार्सल नागपूरला पोचलं नाही, तर माणूस आधी वाटेतल्या तळेगावला चौकशी करतो, तसंच.

पहिला थांबा यूएसबीचा. टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करायची. जोडलेल्या उपकरणांची यादी येते. प्रत्येक ओळीत उत्पादकाचा क्रमांक असतो. फोकसराइट कंपनीचा लक्षात राहण्यासारखा, १२३५. यादीत डबीच नसेल, तर दोष बहुधा तारेत. मोबाईलच्या चार्जरबरोबरच्या काही तारांमधून फक्त वीज जाते, माहितीच्या तारा त्यांत नसतातच. डबीवरचा दिवा लागतो, म्हणून माणूस फसतो. यूएसबी हब मध्ये असेल तर तो काढून डबी थेट लॅपटॉपला जोडावी.

एक गंमत मात्र आधी माहीत हवी. फोकसराइटची स्कार्लेट ही डबी लोकप्रिय आहे. तिच्या तिसऱ्या पिढीची नवी डबी पहिल्यांदा जोडली की पेन ड्राइव्हसारखी दिसते. नोंदणी सोपी व्हावी म्हणून कंपनीने ती तशी ठेवलेली असते. तार जोडताना तिच्यावरचं ‘४८ व्ही’ बटण दाबून धरलं की ती त्या अवस्थेतून बाहेर पडते. हेच बटण एरवी कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट पुरवतं. सभांमध्ये दिसणाऱ्या साध्या डायनॅमिक माइकला त्याची गरज नसते.

दुसरा थांबा आल्सा. चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेला यांनी १९९८ साली सुरू केलेली ही ध्वनियंत्रणा आज कर्नलचाच भाग आहे. ‘एरेकॉर्ड’ या कमांडपुढे एक जागा सोडून उणे चिन्ह आणि लहान ‘एल’ लिहिलं, की रेकॉर्डिंग करू शकणारी सगळी कार्डं समोर येतात. त्यांत डबीचं नाव दिसलं की ड्रायव्हरची चिंता संपली. पार्सल तळेगाव पार झालं.

आवाज बहुतेक वेळा अडतो तो पुढे, पाइपवायरपाशी. आल्सा आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधला हा मुकादम; रेड हॅटचे विम टायमन्स यांनी घडवलेला. एकाच वेळी ब्राउझर, गाणी आणि रेकॉर्डिंग या सगळ्यांना आवाजाची वाटणी तोच करतो. त्याला नवी डबी दिसत असते, पण तो लॅपटॉपचाच माइक धरून बसतो. ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये ‘इनपुट’ या सदरात डबी निवडायची, एवढंच काम. मग ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्येही तीच निवडून चॅनल ‘मोनो’ करावा. नाहीतर पहिल्या भोकात लावलेला माइक फक्त डाव्या कानात वाजतो आणि माणूस हेडफोन बिघडला म्हणून दुकानात जातो. ऑडॅसिटी मुळातून शिकायची असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी निवेदनातले पाठ उपयोगी पडतात.

आवाज आला. आता खंजिरीची परीक्षा. गाणाऱ्याला नव्हे, खंजिरीवाल्याला आधी जोरात वाजवायला सांगावं. स्कार्लेटच्या पातळी कमीजास्त करणाऱ्या बटणाभोवतीचं कडं लाल झालं की आवाज फाटला. तो नंतर कशानेही शिवता येत नाही. सगळ्यात मोठी थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकं बटण मागे घ्यावं.

हेडफोनमध्ये आपलीच थाप उशिरा ऐकू येते, ही पुढची तक्रार. पाइपवायर आवाजाचे तुकडे गोळा करून पुढे सरकवतो. तुकडा १,०२४ नमुन्यांचा असेल, तर तो भरायलाच सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज सात मीटर जातो. म्हणजे खंजिरीवाला मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखाच. परतीच्या प्रवासात त्यात आणखी भर पडते. तुकडा २५६चा केला की तो पाच मिलिसेकंदांवर येतो, मात्र जुन्या लॅपटॉपला दम लागून आवाजात कडकड सुरू होऊ शकते. सोपा उपाय डबीवरच असतो. ‘डायरेक्ट मॉनिटर’ चालू केलं की आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो.

एवढं करूनही मागे सतत ‘हूं’ असा गुंजारव राहिला, तर चार्जर काढून पाहावा. भिंतीतल्या अर्थिंगचा पत्ता नसला की ५० हर्ट्झची वीज अशी गुणगुणते. बॅटरीवर ती थांबली, तर भजन संपेपर्यंत बॅटरीवरच चालवावं. ४८,००० नमुने आणि २४ बिट यांप्रमाणे तासाभराच्या मोनो भजनाला साधारण ५२० एमबी जागा लागते, तेवढी मोकळी आहे का हेही आधीच बघून घ्यावं.

पुढच्या भागात : रेकॉर्डिंगमधली पंख्याची घरघर कशी काढायची, आणि ती काढताना खंजिरीच्या चकत्यांची किणकिणही का पुसली जाते.