परतीची वाट

घरी गाडीला टर्बो बसवणाऱ्याचं लक्ष तेल आत नेणाऱ्या नळीकडे असतं. आम्ही म्हणतो, परतीची नळी आधी बघा. आत जाणारं तेल पंपाच्या दाबानं जातं. बारीक नळी पुरते. बाहेर पडतं ते फेसाळलेलं, दाब संपलेलं. त्याला खाली आणतं केवळ गुरुत्वाकर्षण. म्हणून ही नळी जाड हवी, आतून साधारण १६ मिलिमीटर. सतत उताराची, कुठंही झोळ नको. आणि ऑइल संपमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी.

नैयायिक प्रतिबंधकाच्या अभावालाही कारण मानतात. ते इथं पटतं! वाट तुंबली की तेल सीलमधून एक्झॉस्टमध्ये शिरतं, निळा धूर येतो, आणि बिचारा निर्दोष टर्बो बदलला जातो.

रेडिएटरचा रबरी पाइप वापरू नका. तो तेलानं फुगतो. व्हिटॉनसारखा, तेल आणि उष्णता सोसणारा घ्या. एक्झॉस्टपासून लांब ठेवा. दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळा. मधली क्लिप मात्र इंजिनालाच लावा, बॉडीला नको. इंजिन हलतं तेव्हा नळीही त्याच्याबरोबर हलली पाहिजे, नाहीतर ती ओढली जाते. सुटलेली नळी म्हणजे तापलेल्या टर्बाइनवर तेल, म्हणजेच आग.