गोळी एक, घड्याळं दोन

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने 156 मिश्र औषधांवर बंदी घातली. यादीत ॲसिक्लोफिनॅक 50 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 125 मिलिग्रॅम अशी एक गोळी होती. 125 ही पॅरासिटामॉलची लहान मुलांची मात्रा आणि ॲसिक्लोफिनॅक मुलांना देत नाहीत. मग ही गोळी होती तरी कोणासाठी? औषधशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला हे झोंबणारच.

आमच्या विषयाचा इतिहास 1905 पासून सांगतात. केंब्रिजच्या लँगलींनी पेशीवर औषध झेलणारी जागा, म्हणजे रिसेप्टर, कल्पिली. पुढची कित्येक दशकं तिचीच उस्तवार झाली. परीक्षेपुरतं ते ठीक. मला छळतं ते नव्वदचं दशक.

जुलाब झाले की नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल, सकाळ-संध्याकाळ. टिनिडाझोल रक्तात निम्म्यावर यायला 12 ते 14 तास घेतं, नॉरफ्लॉक्सासिनला 3 ते 4 तास पुरतात. दोघांना एका दावणीला बांधलं कोणी? फार्माकॉलॉजीने नव्हे, विक्री खात्याने. जंतूंचे आणि अमिबाचे जुलाब एकाच पोटात एकाच वेळी क्वचितच असतात. बहुतेकांना तर मीठ-साखरेचं पाणीच पुरतं. वर केमिस्ट जळजळीसाठी ॲन्टासिडची बाटली टेकवायचा. त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम नॉरफ्लॉक्सासिनला आतड्यातच धरून ठेवतं. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं औषध बरंचसं थेट संडासात!

तेव्हा प्रयोगशाळेत काजळी धरलेला ड्रम फिरायचा. बेडकाच्या स्नायूवर ॲसिटिलकोलीन सोडलं की काजळीत पांढरी रेघ चढायची. मात्रा दुप्पट केली तरी रेघ दुप्पट होत नाही, आणि पुढे पुढे तर चढायचीच थांबते, हे पोरं डोळ्यांनी बघायची. आता संगणकावर बटण दाबलं की आलेख तयार. बेडकांचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'डोस वाढवून बघू' म्हणणाऱ्या डॉक्टरांची पैदासही वाढली.

त्याच दशकात शिंकांवर टरफेनाडीनची चलती होती, त्याने झोप येत नाही म्हणून. खरं काम करायचं ते यकृताने त्यातून बनवलेलं फेक्सोफेनाडीन. मूळ औषध रक्तात जवळपास उरायचंच नाही. मात्र सोबत एरिथ्रोमायसिन दिलं, की हे रूपांतर करणारं यकृतातलं एन्झाइम अडायचं, मूळ टरफेनाडीन साचायचं आणि हृदयाचे ठोके जिवावर बेतण्याइतके बिघडू शकायचे. आता सर्दी आणि घसा एकदमच धरतात, त्यामुळे एकाच चिठ्ठीवर ही दोन्ही नावं येणं अगदी सहज शक्य होतं. अमेरिकेत टरफेनाडीन 1998 मध्ये बाजारातून गेलं. आपल्याकडे बंदीला 2003 उजाडलं. मधल्या पाच वर्षांत आम्ही तोंडी परीक्षेत हाच धोका विचारायचो, उत्तर न देणाऱ्याला नापास करायचो, आणि पास झालेल्याला टरफेनाडीन लिहून द्यायला कायद्याची काही आडकाठी नव्हती.