छातीचं ऑपरेशन, मांडीची परीक्षा

बायपासचा सल्ला मिळाला की बुलढाण्याकडच्या घरांत पुढचे प्रश्न ठरलेले असतात. वय किती, शुगर किती, ब्लॉकेज किती टक्के, महात्मा फुले योजनेत बसतं का. मग अकोला, संभाजीनगर की नागपूर, यावर खल होतो. एवढ्या चौकशीत एक साधा प्रश्न मात्र राहून जातो: पेशंट हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठतो का? प्रश्न हृदयाचा असताना चौकशी मांड्यांची कशाला, असं कोणालाही वाटेल. पण ऑपरेशननंतर माणूस किती लवकर सावरणार, याचा बराचसा अंदाज मांड्यांवरूनच येतो.

कारण अगदी रोजच्या हालचालींत आहे. ऑपरेशनसाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी तारेने बांधतात. ते सांधेपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे, हातांवर जोर देऊन उठायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. घरातली बाज बुटकी, संडास उकिडवं बसायचा. म्हणजे दर वेळी अंग उचलायचं ते निव्वळ पायांच्या ताकदीवर, आणि बायपाससाठी शीर काढलेली असते तीही बहुधा पायातूनच. खोकून कफ बाहेर टाकायला पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू लागतात. ते दुबळे असतील तर कफ छातीत साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. शिवाय स्नायू हे शरीराचं धान्याचं कोठार आहे. जखम भरताना लागणारी अमिनो आम्लं शरीर तिथूनच उपसतं. कोठार मुळातच अर्धं असेल तर पडून राहण्याचे दिवस फार महाग पडतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सत्तरीकडे झुकलेल्या, पण धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू गेले. ही माणसं आजारी नव्हती, हे विशेष.

कॅनडातले हृदयरोगतज्ज्ञ जोनाथन अफिलालो यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदयाच्या ऑपरेशनला आलेल्या सत्तरीपुढच्या 131 रुग्णांना पाच मीटर चालायला लावलं. ज्यांना सहा सेकंद किंवा अधिक लागले, त्यांच्यात मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत यांची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. 131 हा आकडा लहान, म्हणून पुढे 2016 मध्ये साठीपुढच्या पंधरा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद तपासली गेली. चालण्याचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरने घटला की मृत्यूचा धोका साधारण 11 टक्क्यांनी वाढत गेला.

यावर पहिली हरकत रास्त आहे. हृदय दुबळं म्हणूनच माणूस हळू चालतो. मग चाल मोजून नवं काय कळलं? काही अंशी हे खरं आहे, आणि झडप बदलल्यावर काहींची चाल सुधारतेही. पण वय, आजाराची तीव्रता वगैरे नेहमीचे धोके हिशेबात धरूनही चालीचा स्वतंत्र वाटा उरला. गुडघेदुखीने हळू चालणाऱ्यावर मात्र या एका मापाने अन्याय होऊ शकतो. म्हणून नंतर अफिलालो यांच्याच गटाने चार गोष्टी एकत्र पाहिल्या: खुर्चीतून पाच वेळा उठणं, स्मरण-आकलन, हिमोग्लोबिन आणि रक्तातलं अल्ब्युमिन. यांतली एकही तपासणी महागडी नाही.

दुसरी हरकत आपल्याकडची: हे विलायतेतल्या आरामखुर्चीवाल्यांचं, आमचा माणूस जन्मभर शेतात राबलेला, काटक. दिसायला काटक असणं आणि अंगात स्नायू असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच शरीरावरून दाखवलं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबरचा आपला फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स नेमका 22.3; पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही त्यांना अशीच आढळली: वजनाने कमी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकलेली. म्हणजे वजनकाटा आपल्याला जरा जास्तच फसवतो. साठ किलोच्या सडपातळ शेतकऱ्यालाही स्नायूंची तूट असू शकते, आणि मधुमेह असेल तर ती वाढते.

तिसरी हरकत मला सर्वांत गंभीर वाटते: उद्या हेच माप दाखवून डॉक्टर अशक्त पेशंटला परत पाठवतील. तसा वापर चुकीचाच ठरेल, कारण अशक्ताला ऑपरेशनाचा धोका अधिक असतो तसा ऑपरेशन न करण्याचाही. मापाचा उपयोग तयारीसाठी. ज्याला आजच टेबलावर घ्यायचंय त्याला अर्थातच हे लागू नाही, आणि मुख्य धमनीच चोंदलेल्याने डॉक्टरांना न विचारता व्यायाम करू नये. पण तारीख चार-सहा आठवडे पुढची असते तेव्हा तो काळ बाजेवर का घालवायचा? कॅनडातल्याच 2000 सालच्या एका चाचणीत बायपासची वाट पाहणाऱ्यांना आठ आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला, तर त्यांचा रुग्णालयातला मुक्काम एका दिवसाने घटला. ते कमी जोखमीचे पेशंट होते, हे कबूल. मोठ्या चमत्काराची आशा धरू नये. पण आपल्याकडे उलटंच होतं. ‘हार्ट पेशंट आहे’ म्हणून त्याला उठूही देत नाहीत, आणि पथ्याच्या नावाखाली ताटात उरते पातळ वरण आणि अर्धी भाकरी. मूत्रपिंड ठीक असेल तर अशा माणसाला दिवसाला किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोला साठ-पंचाहत्तर ग्रॅम. घट्ट वरणाच्या वाटीतून सहा-सात मिळतात, एका अंड्यातून सहा. ज्या जिल्ह्यात सोयाबीनची पोती ओसरीवर रचलेली असतात, तिथे ते सगळं तेलगिरणीला जातं आणि नीट शिजवून ताटात क्वचित येतं, हे जरा चमत्कारिकच.

माप घ्यायला प्राथमिक आरोग्य केंद्राचा व्हरांडा पुरतो. पाच मीटरवर खडूच्या दोन रेघा, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. पेशंटने नेहमीच्या चालीने चालायचं, काठी असेल तर काठीसह. पहिलं पाऊल पहिल्या रेघेपलीकडे पडलं की घड्याळ सुरू, दुसरीपलीकडे पडलं की बंद. असं तीनदा मोजून सरासरी काढायची, आणि ती ईसीजीच्या कागदावरच, वयाशेजारी लिहायची.