आठ टक्के की बारा? कापसाचा भाव इथेच ठरतो!

खामगाव म्हटलं की बाहेरच्यांना चांदी आठवते. पण आपल्या गावाला आधी ओळख दिली ती कापसाने. 1870 मध्ये जलंब-खामगाव हा 13 किलोमीटरचा रेल्वेफाटा टाकला, तो कापसाच्या गाठींसाठीच! आजही सीझनमध्ये बाजार समितीच्या रस्त्याला गेलात की कापसाच्या गाड्या दिसतात. आपल्यापैकी अर्ध्या पोरांची कॉलेजची फी त्यातूनच येते, पण कापसाची प्रतवारी कशी होते हे किती जणांना सांगता येईल?

परदेशात फरच्या लिलावात एकेक कातडं आकार, रंग, दाटपणा बघून सारख्याला सारखं लावतात. कापसात तसं नाही. इथे एका शेतकऱ्याची गाडी म्हणजे एक ढीग. व्यापारी गाडीत हात घालतो, आतला कापूस काढतो, मुठीत दाबतो, धागा ओढून बघतो. कवडी किती, पत्ती किती, पहिल्या वेचणीचा आहे की फरदड? मग बोली. सगळं दोन-चार मिनिटांत.

म्हणूनच वरच्या थरात पांढराशुभ्र आणि खाली पिवळा कापूस भरण्यात काही अर्थ नाही. हात खालपर्यंत जातोच, आणि भाव मग पिवळ्याचा लागतो. बोंडअळीने खाल्लेली कवडी घरीच वेगळी काढलेली बरी.

सीसीआयच्या केंद्रावर हातासोबत मीटरही असतं. 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला 8110 रुपये, मध्यम धाग्याला 7710. लांब म्हणजे 29.5 ते 30.5 मिलिमीटर. शिवाय मायक्रोनेअर, म्हणजे धाग्याची जाडी आणि पक्वता. ती काही डोळ्यांना दिसत नाही.

खरी मारामारी ओलाव्याची. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात. 12 टक्के भरले तर 8110 चे 7785 रुपये 60 पैसे होतात. त्याच्या वर गेलं की गाडी परत, भाडं अंगावर. 20 क्विंटलला हिशेब करून बघा, साडेसहा हजारांचा फरक!

आणि गंमत अशी, की वेचणी किलोवर असते. सकाळी दवात वेचलेला कापूस जड भरतो. वेचणाऱ्या बाईला दोन रुपये जास्त मिळतात, शेतकऱ्याचे मीटरवर जातात. दोष तिला कसा द्यायचा? ऊन चढायच्या आत जमेल तेवढं वेचणं ही तिची गरजच आहे. त्यामुळे घरी आणल्यावर कापूस उन्हात पसरवून वाळवणं हाच उपाय. पण घर दोन खोल्यांचं, अंगण नाही आणि उधारीवाला दारात, अशा वेळी कोण वाळवत बसणार? मग तो ओला कापूस खेडा खरेदीवाल्याकडे जातो. तिथे मीटर नसतं, आणि हमीभावही नसतो.

यंदा सीसीआयला विकायचं तर मोबाईलवर 'कपास किसान' ॲपमध्ये नोंदणी लागते, स्लॉटही तिथेच बुक करायचा. बाबांना ते जमत नसेल तर तुम्ही करून द्या. आणि स्लॉटच्या आधी दोन दिवस ऊन बघून कापूस पसरवा.