गाडीखालचा काळा डाग

गटाची गाडी पहाटे माल घेऊन कळमना बाजारात जाते. ती रात्री उभी होती तिथे काळा, चिकट डाग दिसला, तर "जुनी गाडी गळायचीच" म्हणून सोडून देऊ नका. एसीचं पाणी स्वच्छ असतं. काळं-तपकिरी आणि बोटाला बुळबुळीत लागलं, तर ते इंजिन ऑइल समजा.

इंजिनातला फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, जिथे बाहेर येतो तिथे ऑइल अडवायला एक कडी असते. तीच ऑइल सील. बाहेरून धातूचं कडं, आत रबराचा पातळ ओठ आणि तो दांड्याला टेकवून ठेवणारी बारीक स्प्रिंग.

आपल्या कुकरची रिंग आठवा. तापून तापून ती कडक होते आणि कडेनं वाफ निघते. सीलचंही तसंच. शिवाय शिट्टीची नळी तुंबली, तर नवी रिंगही दाब सोसत नाही. इंजिनाचा दाब बाहेर सोडणारी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती तुंबली, तर नवी सीलही गळते.

पुढची सील गळली तर ऑइल पट्ट्यावर उडतं. मागची गळली तर क्लच प्लेटवर जाऊन क्लच घसरू शकतो. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून सीलपेक्षा मजुरीच जास्त. क्लचचं काम निघालं की त्याच वेळी सील पाहून घ्या.

मिस्त्रीला चार गोष्टी सांगा. आधी इंजिन पुसून गळती नक्की कुठून ते बघा. वरच्या झाकणाचं ऑइलही ओघळून खाली येतं. ब्रीदर तपासा. जुनी सील काढताना दांड्यावर ओरखडा पडू देऊ नका. नवीच्या ओठाला ऑइल लावा, स्प्रिंगची बाजू आत ठेवा आणि ती सरळ, सगळीकडून सारखी बसवा.

आपल्याकडे काम एवढंच: रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा. आठवड्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळानं ऑइलची पट्टी बघायची. पातळी खालच्या खुणेच्या वर हवी. ऑइल संपून इंजिन जाम झालं, तर गाडी दारात उभी आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच. त्यापेक्षा रोज सकाळी पुठ्ठा बघणं सोपं.