सक्रिय दीर्घिकांचा उजेड येतो कोठून?

उन्हाळ्यात अंगणात बाजेवर पडल्या पडल्या वडिलांना सप्तर्षी दाखवले. म्हटले, या तारकासमूहात मार्केरियन ४२१ नावाची एक दीर्घिका आहे. तिचा उजेड इथे यायला सुमारे ४० कोटी वर्षे लागतात. वडील म्हणाले, "इतक्या लांबून दिसायचं म्हंजे तिथं जळतंय तरी काय?" मला उत्तर आले नाही. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे ते जरा लागले. मग ग्रंथालयात बसून जे उमगले ते लिहितो. मी कला शाखेचा. विज्ञानाच्या सरांनी सांभाळून घ्यावे.

तिथे जळत काही नाही, पडते आहे. येलदरीच्या धरणावर वीज होते ती पाणी खाली पडते म्हणून. सक्रिय दीर्घिकेच्या गाभ्यात कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर असते. वायू त्यात सरळ पडत नाही. भोवऱ्यासारखा फिरत, घासत, तापत आत जातो. ताऱ्यात हायड्रोजनचे हेलियम होताना द्रव्याच्या शंभरातला एक भागही ऊर्जेत बदलत नाही. इथे दहा भागांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक बदलतो.

पण नुसत्या तापण्याने गॅमा किरण निघत नाहीत. थोडे द्रव्य आत न पडता प्रकाशाच्या जवळपास वेगाने दोन बाजूंना झोतासारखे फेकले जाते. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात व रेडिओ लहरींपासून क्ष-किरणांपर्यंत सारे बाहेर टाकतात. (असल्या रेडिओ लहरी नारायणगावजवळ खोडदच्या ३० अँटेना टिपतात.) असा इलेक्ट्रॉन प्रकाशकणावर आदळला की तो कण गोफणीतल्या गोट्यासारखा सुटतो, त्याची ऊर्जा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशकणाच्या शेकडो अब्ज पट होते. मार्केरियनचा झोत आपल्याच रोखाने आहे. तिचे असे किरण १९९२ साली अमेरिकेत प्रथम टिपले गेले.

हे किरण जमिनीवर पोचत नाहीत. हवेत त्यांच्यामुळे कणांचा पाऊस पडतो आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती निळसर चमक उठते. ती टिपण्यासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमध्ये हानले येथे २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण उभारली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले.

काम सारे इलेक्ट्रॉनचेच, की प्रोटॉनचाही हात आहे, हा वाद मिटलेला नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये दक्षिण ध्रुवावर सापडलेला एक न्यूट्रिनो अशाच एका दीर्घिकेच्या दिशेने आला होता, आणि तो निर्माण व्हायला प्रोटॉन लागतात.

वडिलांना येलदरीचा दाखला पटला. त्यांनी लगेच विचारले, "अन् पाणी आटलं की?"

आटले की दिवा मंदावतो. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी ४० लाख सूर्यांच्या वजनाचे विवर आहे. त्यात सध्या फारसे काही पडत नाही, म्हणून ते गप्प आहे.